अर्ध्या चहाचा कप

सिरॅमिकच्या वर्गात पहिल्या दिवशी मॅडमनी एकेकाला विचारलं, तुम्हाला काय बनवायला शिकायचंय. मुलांनी मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या. एकीला भिंतीवर लावायच्या फरशा करायच्या होत्या, एकाला दिवे, एकाला पुढे बडोद्याला शिकायला जायचं होतं आणि त्यासाठी कामाचे नमुने हवे होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, कप. मॅडम म्हणाल्या, छान, आणि कपानंतर? मी म्हटलं, कपच.

सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले. माझा राग तसा नाकावरच असतो, आणि तिथे तर मी आधीच अवघडून बसले होते. वर्ग बुऱ्हाणपुरातल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत भरायचा. वयाची अट नाही असं फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलेलं वाचून मी नाव घातलं होतं. पण वयाची अट नाही म्हणताना साठीला टेकलेली बाई येऊन बसेल असं काही त्यांच्या मनात नसावं. बाकी सगळी मुलं विशीच्या आसपासची. मला ती आंटी म्हणायची. मॅडमही माझ्या लेकीपेक्षा लहान, इंदूरच्या मराठी घरातल्या, त्या काकू म्हणायच्या.

कपच का, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. इथे सांगते.

आमचे हे नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये मशीनवर होते. मी जळगावकडची, लग्न होऊन मिलच्या क्वार्टरमध्ये आले, तिथेच मुलं झाली, मोठी झाली, बाहेर गेली. हे रिटायर झाल्यावर आम्ही बुऱ्हाणपुरात घर घेतलं. यांच्यासारखेच मिलमधून रिटायर झालेले तीन-चार मित्रही इथेच राहतात, आणि दर रविवारी सकाळी ते आमच्या ओट्यावर जमतात. मिलच्या जुन्या गोष्टी निघतात, त्याच त्या, आणि तरी दर वेळी हसू येतं. चहा अर्थातच होतो. चहा हा यांचा जीव की प्राण. पहिला कप संपला की रिकामा कप माझ्यासमोर धरून म्हणायचे, "अजून अर्धा." मी भरून दिला तर चालायचं नाही, अर्धाच हवा. मिलमध्येसुद्धा पाळीवर चहावाला आला की यांना न विचारता दीड कप द्यायचा, असं मित्र सांगतात. त्या अर्ध्यावरून यांना सगळ्यांनी आयुष्यभर चिडवलं.

मग यांना लकव्याचा झटका आला. हलका होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात अर्धवटच परत आला. बोटं वळतात, पण पुरती वळत नाहीत. कपाच्या कानात बोट जात नाही आणि ग्लास धरला तर हातातून निसटतो. मित्र रविवारी यायचे थांबले नाहीत, चहाही थांबला नाही. फक्त ट्रे समोर आला की हे म्हणायला लागले, "मी आत्ताच घेतला." मित्रांना ते खरं वाटायचं की नाही कोण जाणे, पण त्यांनी कधी आग्रह केला नाही. ते गेले की हे आत येऊन स्वयंपाकघरात बसायचे, मी वाटीत चहा ओतायची, आणि दोन्ही हातांत वाटी धरून हे तो प्यायचे. एकदाच. अर्धा कधी मागितला नाही.

डाव्या हातानं घ्या, मी किती वेळा म्हटलं. हे म्हणायचे, एकदा डाव्यानं घेतला की उजवा गेलाच समज. मेडिकलच्या दुकानातून नळीचा पेला आणला, तो यांनी उलटसुलट करून पाहिला आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे. मग मी दुकानं पालथी घातली. जाड कानाचे, रुंद कानाचे, बिनकानाचे कप आणले. एकाचाही कान यांच्या हाताला येईना. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की विकत मिळत नसेल तर करावा. यांना काही सांगितलं नाही. घरात कंटाळा येतो, म्हणून वर्गाला जाते, एवढंच म्हटलं. सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, माझ्यासाठी कशाला. मग मी चिडले असते, आणि कप राहिला असता बाजूला.

माती मळायला मला शिकावं लागलं नाही. कणीक मळण्यात जन्म गेला. मॅडमनी माझा गोळा तारेनं मधोमध कापला आणि सगळ्यांना दाखवला, आत एकही बुडबुडा नव्हता. मी चांगलीच फुशारले. मग चाकावर बसले आणि सगळी फुशारकी उतरली. माती कुठल्या कुठे पळायची, माझ्या पदरावर, शेजारच्या मुलीच्या ओढणीवर. मुलं आठवड्याभरात वाट्या काढायला लागली आणि माझं आपलं शेणाच्या गोवरीसारखं काहीतरी. महिनाभरानं मी चाकाला हात जोडले आणि वळ्या करून, एकावर एक रचून कप उभारायला लागले. कुरडया-शेवयांच्या घरातली बाई मी, वळ्या मला जमतात. कपही बरे उभे राहायला लागले. कान मात्र टिकेना. मला हवा तसा जाड कान लावला की वाळताना तो जोडावरच तडकायचा आणि सकाळी जाऊन पाहावं तर कप इकडे, कान तिकडे.

मॅडमची एक पद्धत होती. दर शनिवारी ज्याचं काही फुटलं असेल त्यानं ते हातात घेऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं, काय केलं ते सांगायचं, आणि मग ते एका लांब फळीवर मांडायचं. कोणी रागवायचं नाही, कोणी सल्ला द्यायचा नाही. मला ही पद्धत मुळीच आवडली नव्हती. आमच्या घरी फुटलेली वस्तू कोणाला दिसायच्या आत कचऱ्यात जाते. पण त्याहून अवघड पुढचं होतं. ज्याचं चांगलं झालं असेल त्यानंही उभं राहायचं आणि का चांगलं झालं ते सांगायचं. मुलं फुटलेल्याबद्दल भरभरून बोलायची, आणि चांगलं झालेलं हातात घेऊन नुसती उभी राहायची. त्यांना कारण ठाऊकच नसायचं. मॅडम म्हणायच्या, मग ते पुन्हा कसं करणार?

कानाच्या जोडासाठी मी जे केलं, ते आमच्याकडचंच माणूस करील. खान्देशात जुन्या कागदांचा लगदा करून टोपल्या करतात. कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची आणि पालथ्या पातेल्यावर थापून वाळवायचं. मेथीनं लगदा घट्ट धरतो आणि कीड लागत नाही. नेपानगरात तर कागदाला काय तोटा. क्वार्टरमधल्या प्रत्येक घरात अशा टोपल्या होत्या, भाकरीच्या, पापडांच्या, आणि फुटलं-तुटलं काही असलं की ते जोडायलाही तोच लगदा. मला वाटलं, जे टोपलीला धरतं ते मातीला का धरणार नाही. घरून डबाभर मेथीचा लगदा नेला, तो मातीत कालवून जोडाला भरपूर थापला, आणि काय सांगू, कान असा बसला की ओढून निघेना. उरलेला लगदा दुसऱ्या एका कपाला लावला. डबा तिथेच कपाटात राहिला.

उन्हाळ्याचे दिवस. बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात भिजवलेल्या मेथीचं काय होतं ते मला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी गेले तर मुलं नाक दाबून व्हरांड्यात उभी. उंदीर मेला असावा म्हणून त्यांनी सगळी कपाटं ओढली होती. डबा सापडल्यावर एक मुलगी म्हणाली, "आंटी, ये क्या डाला आपने? पूरी क्लासमध्ये वास मारतोय." मी म्हटलं, मेथी आहे, औषधी असते.

खरी मजा भट्टीच्या दिवशी झाली. विजेची भट्टी तापायला लागली तसा धूर यायला लागला, आणि करपलेल्या फोडणीचा वास कॉलेजच्या पुढच्या इमारतीपर्यंत गेला. ऑफिसमधले एक साहेब रुमाल नाकाला लावून चौकशीला आले की इथे स्वयंपाक कोण करतंय. भट्टी थंड झाल्यावर माझे दोन्ही कप बाहेर निघाले, कानासकट. मला वाटलं जिंकले. पहिला कप कानाला धरून उचलला आणि कान तेवढा हातात आला. जोडाच्या जागी मेथी आणि कागद जळून गेला होता आणि नुसती जाळी राहिली होती. दुसऱ्याचंही तेच.

त्या शनिवारी मी दोन कान दोन हातांत घेऊन उभी राहिले. सगळं सांगितलं, टोपल्यांपासून. मुलं हसून हसून बेजार झाली, आणि का कोण जाणे, मला पहिल्यांदाच राग आला नाही. मीच मध्ये मध्ये थांबून हसत होते. मॅडमनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की कागदाची कल्पना चुकीची नाही, मातीत कागद मिसळून काम करणारे लोक आहेत. फक्त तो बारीक कुटून, अगदी थोडा, आणि जोडाला न थापता सगळ्या मातीतच कालवायचा. "आणि मेथी लाडवात घाला, काकू," त्या म्हणाल्या.

तसं केलं आणि कान टिकला. जाड, अख्खा, तडा न जाता वाळला. आता राहिलं माप.

डॉक्टरांनी यांना रबराचा चेंडू दाबायला सांगितलं होतं आणि हे त्याचा कंटाळा करायचे. मी ओल्या फडक्यात मातीची जाड वळी गुंडाळून घरी आणली आणि म्हटलं, चेंडू नको तर हे दाबा. यांनी काही विचारलं नाही. उजव्या हातात वळी घेतली आणि जेवढी बोटं वळत होती तेवढी वळवून दाबली. चारही बोटांचे खळगे उमटले, करंगळीचा उथळ, कारण ती सगळ्यांत हट्टी. मी ती वळी जपून परत नेली आणि तिचाच कान केला. यांची बोटं जिथे होती तिथेच पुन्हा बसणार, याहून नेमकं माप कुठलं?

तो कप वर्गातला सगळ्यांत देखणा निघाला. मी म्हणते म्हणून नाही, मॅडमच म्हणाल्या. निळसर ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, एकसारखं बसलं होतं, खळग्यांत जरा गडद झालं होतं. मुलांनी फोटो काढले. कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवूया म्हणाल्या मॅडम. मी म्हटलं, आधी घरी नेते.

घरी नेऊन मी तो यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा सांगितलं, तुमच्यासाठी आहे. यांनी कप बराच वेळ पाहिला. मग उजवा हात पुढे केला. बोटं कानाशी गेली, पण आत बसेनात. चार बोटांच्या जागी तीन मावत होती, आणि तीही अडकून. खळगे यांचेच होते, पण लहान झाले होते. यांनी दोनदा प्रयत्न केला आणि हात मांडीवर ठेवला.

मी जी चिडले म्हणता. मातीवर, भट्टीवर, मॅडमवर. चार महिने उन्हातान्हात कशासाठी गेले, मला कोणी सांगितलं नाही, वगैरे. हे शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "ओला कागद ड्रायरवरून गेला की आकसतो. माती काय वेगळी ऱ्हाते?"

"मग आधी सांगता नाही आलं?"

"तू सांगितलं का, काय करून ऱ्हायली ते? माझ्या हातात माती दिली, मी दाबली."

मी चहा ठेवायला वळले. मागे ट्रंक उघडल्याचा आवाज आला. हे खाली बसून मिलच्या जुन्या सामानात काहीतरी शोधत होते. मिलमध्ये गरम रोलरजवळ काम करताना घालायचे जाड सुती हातमोजे, तेच काढून आणले. म्हणाले, हे घालून वळी दाबतो, मोज्यानं बोटं जेवढी जाड होतील तेवढंच आकसायला देऊ. मला काही क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा मी गॅस बंद केला आणि त्यांच्याशेजारी खालीच बसले.

तो शनिवार मला चांगला आठवतो. मॅडमनी मला देखणा कप घेऊन उभं केलं, का चांगला झाला ते सांगायला. मी म्हटलं, हा फुटलेल्यांच्या फळीवर ठेवायचाय. मग यांच्या हाताचं, रविवारचं, वाटीतल्या चहाचं सगळं सांगून टाकलं. मॅडम हळूच म्हणाल्या की माती आकसते हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. खरं होतं. मी ते ऐकलंही होतं. कप आकसेल हे मला ठाऊक होतं, पण हात तेवढाच राहील हे डोक्यात आलं नाही. वर्गात कोणी हसलं नाही. बडोद्याला जाणाऱ्या मुलानं माझ्या हातातून कप घेतला आणि स्वतःच्या तुटक्या नमुन्याशेजारी फळीवर ठेवला. मुलं जाता जाता येऊन तो पाहून जात होती.

नवी वळी मी त्याच दिवशी घरी आणली. यांच्या आखडलेल्या हातात मोजा चढवायला बराच वेळ लागला, एकेक बोट सरळ करत, आणि करंगळीनं तर अंत पाहिला. मग यांनी वळी दाबली. या वेळी मान खाली घालून, ओठ आवळून, जीव लावून दाबली. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाले, "मशीनवर असताना बोलत नसतात." खळग्यांत मोज्याचं विणकाम उमटलं होतं, बारीक, आडवंउभं.

कान मोठा झाला म्हणून कप हलका ठेवणं भाग होतं, नाहीतर हाताला पेलणार नाही. म्हणून कप लहान घडवला, आणि भट्टीत तो आणखी लहान होणार हे आता मला पक्कं माहीत होतं. भट्टीच्या दिवशी मधेच लाइट गेली. मी कॉलेजच्या पायरीवर बसून राहिले आणि वीज खात्याला जमेल तेवढ्या शिव्या घातल्या. मुलींनी मावा-जिलेबी आणली, ती पुड्यातून सगळ्यांनी खाल्ली, आणि माझं तोंड थोडा वेळ बंद झालं. लाइट आल्यावर मॅडमनी भट्टी पुन्हा चढवली, पण होईल ते खरं, म्हणाल्या.

झालं ते असं की कप एका बाजूला कलला. ग्लेझ ओघळून बुडाशी एक थेंब जमला, तो घासून काढावा लागला. रंग निळा यायचा तो मध्येच राखाडी. प्रदर्शनाचं नाव कोणी काढलं नाही. मी कानाला धरून कप उचलला, हलवला, टेबलावर जरा आपटलासुद्धा. कान जागचा हलला नाही. मॅडमनी विणकामाच्या खुणांवर बोट फिरवलं आणि विचारलं, हे कसं केलं? मी म्हटलं, हे मी नाही केलं, घरी केलंय.

घरी कपात पाणी घालून पाहिलं. आमच्या नेहमीच्या कपाच्या बरोबर अर्धं मावलं. कप धुऊन रोजच्या कपांशेजारी ठेवला.

रविवारी मित्र आले. मी सगळ्यांपुरता चहा टाकला, ट्रेमध्ये कप मांडले आणि त्यांत हाही ठेवला. मित्रांनी आपापले कप उचलले. मिलमध्ये एकदा मशीनवर कागद फाटला होता त्याची गोष्ट चालू होती, शंभरदा ऐकलेली. यांचा हात पुढे आला. बोटं एकेक करून खळग्यांत बसली, करंगळी सगळ्यांत शेवटी. कप उचलला गेला. थोडा डचमळला, दोन थेंब लुंगीवर पडले, आणि ओठांपर्यंत पोचला. मित्रांपैकी एकानं पाहिलं आणि गोष्ट सांगणाऱ्याकडे नजर वळवली. गोष्ट चालूच राहिली.

मी दाराच्या चौकटीशी माझा कप घेऊन उभी होते. आता हे कप खाली ठेवतील, आणि पुरे, एवढं झालं तरी पुष्कळ, असं मी मनाशी म्हणत होते. मला खरंच तेवढंच पुष्कळ होतं. गोष्ट संपली, सगळे हसले, हेही हसले, आणि हसता हसताच यांनी उजवा हात माझ्या दिशेनं लांब केला. हातात रिकामा कप होता.

"अजून अर्धा," हे म्हणाले.

आत पातेल्यात चहा उरला नव्हता. मोजूनच टाकला होता, इतक्या दिवसांत सवयच गेली होती. मी पुढे झाले आणि माझ्या कपातला चहा यांच्या कपात ओतला.